दूरस्थ संगणकनियंत्रण

एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक जालाच्या द्वारे चालविण्याची पद्धती. चालविणाऱ्याच्या कळफलकाचे व माउसचे संदेश दूरच्या संगणकाकडे जातात आणि त्या संगणकाच्या पडद्यावरील दृश्य उलट दिशेने चालविणाऱ्याकडे येते. आकडेमोड, साठवण, शोध इ. सर्व कामे दूरच्या यंत्रातच होतात. जवळचे यंत्र केवळ खिडकीसारखे उपयोगी पडते. संकेतस्थळ पाहण्याहून ही क्रिया वेगळी आहे. संकेतस्थळावर वाचकाला मांडून ठेवलेली माहितीच मिळते. दूरस्थ नियंत्रणात मात्र यंत्राचा मालक जे करू शकतो ते बहुतेक सर्व दूर बसलेल्या व्यक्तीला करता येते. ह्या पद्धतीची उपयुक्तता व तिच्यातील धोका ह्या दोहोंचे मूळ ह्याच गोष्टीत आहे.

ह्या पद्धतीने अंतर नाहीसे केले, असे सामान्यतः समजले जाते. तिचा इतिहास पाहता असे दिसते की, जोडणी तुटते त्या प्रत्येक वेळी अंतर पुन्हा जाणवू लागते आणि ती सांधण्यासाठी दुसऱ्या टोकाला एक माणूस व त्याच्याशी बोलण्याचा वेगळा मार्ग ह्यांची आवश्यकता भासते. महानगरातील प्रयोगशाळेइतकीच ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावालाही लागू पडते.

प्रारंभ : ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील हॅनोव्हर येथील डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांच्या सभेपुढे जॉर्ज स्टिबिट्झ (१९०४–९५) ह्यांनी एक दूरटंकमुद्रक ठेवला. त्यावर टंकित केलेली सदसत् संख्यांची उदाहरणे तारेने न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेच्या गणनयंत्राकडे गेली आणि उत्तरे परत येऊन छापली गेली. गणनयंत्राचा दूर अंतरावरून झालेला हा पहिला जाहीर उपयोग होय. नॉर्बर्ट वीनर व जॉन मॉक्ली हे त्या सभेस उपस्थित होते.

एका मोठ्या यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याची कालविभागणी पद्धती १९६१ साली मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फेर्नांडो कॉर्बातो (१९२६–२०१९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या टंकयंत्रापुरते तरी संपूर्ण यंत्र आपल्याच हाती असल्यासारखे वाटू लागले. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) ह्यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सभागृहातून सु. ४८ किमी. दूर मेन्लो पार्क येथे असलेला संगणक माउस व पडदा ह्यांच्या साहाय्याने चालवून दाखविला.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेट ह्या जालावर लॉस अँजेल्स येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश करण्याचा पहिला प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ ह्या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. दोन्ही टोकांची माणसे त्या वेळी दूरध्वनीवर एकमेकांशी बोलत होती. म्हणूनच कोणते अक्षर पोहोचले व कोणत्या क्षणी बिघाड झाला, हे लगेच समजले. सु. एका तासात दोष दूर होऊन प्रवेश मिळाला. जालावरील दूरस्थ प्रवेशाचा व त्यातील दोषशोधनाचा इतिहास अशा रीतीने एकाच दिवशी सुरू झाला.

महाराष्ट्रातील सुरुवात : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसविण्यात आला. त्याचा उपयोग करू इच्छिणाऱ्या संशोधकांना छिद्रित पत्ते यंत्रापर्यंत न्यावे लागत. प्रवास माणसाने किंवा पत्त्यांनी करावयाचा, असाच तेव्हाचा प्रघात होता. १९७० नंतरच्या दशकात ह्याच संस्थेच्या आश्रयाने निघालेल्या राष्ट्रीय केंद्रात डेकसिस्टिम–१० हा कालविभागणी संगणक आला आणि यंत्रासमोर प्रत्यक्ष न बसता टंकयंत्रावरून काम करण्याची सवय मुंबईतील अभ्यासकांना लागली. १९८५ साली ह्या केंद्राचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र असे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले व ते जुहू येथे स्थिरावले.

१९८६ मध्ये शिक्षण व संशोधन जाल, म्हणजे अर्नेट, ही योजना हाती घेण्यात आली. १९८७ मध्ये जुहूचे हे केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रविद्या संस्था ह्यांच्यात साध्या दूरध्वनीमार्गाने संगणकीय टपाल सुरू झाले. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाचा भाड्याचा मार्ग मिळाला. देशातील मोजक्या संस्थांचा परदेशी जालांशी संबंध ह्या अरुंद वाटेने येई.

१९९० साली पुणे, बंगलोर व भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने स्थापन झाली. त्यांच्या उपग्रहजोडणीमुळे पुण्यातील अभियंत्यांना परदेशी ग्राहकाच्या यंत्रावर येथूनच काम करता येऊ लागले. २००० साली तारखांच्या मोजणीत निर्माण होणारा दोष काढून टाकण्याच्या कामात ह्या पद्धतीचा मोठा उपयोग झाला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. तिच्या स्वस्त वर्गातील ग्राहकाला केवळ अक्षरांचा पडदा मिळे. मोडेमने क्रमांक फिरविल्यावर तो वस्तुतः निगमाच्या युनिक्स संगणकात प्रवेश करी. टपाल वाचणे व संकेतस्थळे पाहणे ही कामे त्या दूरच्या यंत्रातच होत आणि घरी फक्त अक्षरे येत. ज्या मराठी कुटुंबांनी ह्या मार्गाने इंटरनेट प्रथम पाहिले, त्यांनी दूरस्थ संगणकाचा उपयोगच आधी केला होता, असे म्हणता येते.

चित्रमय पडद्याचे प्रेषण : अक्षरे पाठविणे सोपे, चित्र पाठविणे कठीण. १,०२४ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूसाठी ८ बिट धरले, तर एका दृश्याचे सु. ६३ लक्ष बिट होतात. सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाच्या मार्गाने हे एकच दृश्य जाण्यास जवळजवळ अकरा मिनिटे लागतील. म्हणून संपूर्ण चित्र वारंवार न पाठविता केवळ बदललेला भाग पाठविणे, किंवा ‘येथे रेषा काढा, तेथे हे अक्षर लिहा’ अशा सूचना पाठविणे, असे दोन मार्ग शोधण्यात आले.

मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने सूचनांचा मार्ग स्वीकारला. केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत व्हीएनसी ही प्रणाली तयार झाली व १९९८ मध्ये ती सर्वांना विनामूल्य देण्यात आली. तिने बदललेल्या चित्रखंडांचा मार्ग धरला. सिट्रिक्स ह्या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये विंडोज एनटीवर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी विनफ्रेम ही प्रणाली काढली. हे तंत्र परवान्याने घेऊन मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोजची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासोबत आलेला आरडीपी हा संदेशव्यवहाराचा नियमसंच २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये रिमोट डेस्कटॉप ह्या नावाने कार्यालयांतील वैयक्तिक संगणकांपर्यंत पोहोचला. जालावरून उघडा जाणारा पासवर्ड चोरला जाऊ नये म्हणून हेलसिंकी येथे तातू इलोनेन ह्यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा कूटबद्ध मार्ग तयार केला होता.

मराठी कार्यालयांना ह्या पद्धतीचा एक विशेष लाभ झाला. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाचा मराठी अक्षरसंच निराळा असे व एकीकडचा मजकूर दुसरीकडे उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसत. दूरस्थ पडद्यावर मात्र अक्षरांचे तयार रूपच येत असल्याने तो अक्षरसंच जवळच्या यंत्रात नसला, तरी मजकूर वाचता येई.

जिल्हा आणि गाव : १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट हे उपग्रहजाल उभारले. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान भूकेंद्र, राजधानीत मुख्य केंद्र व मध्ये भूस्थिर उपग्रह अशी त्याची रचना होती. बुलढाण्यासारखी रेल्वेमार्गापासून दूर असलेली जिल्हा मुख्यालयेही अशा योजनेच्या कक्षेत आली, हा तिचा मोठा गुण होय. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमी. उंचीवर असतो. कळ दाबल्याचा संदेश वर जाऊन खाली यावयास सु. पाव सेकंद व उत्तर परत यावयास तितकाच वेळ लागे. उपग्रहावरून दूरच्या यंत्रात टंकन करणाऱ्यास प्रत्येक अक्षर अर्ध्या सेकंदाने दिसे. हा विलंब मार्गाच्या लांबीमुळे होत असल्याने महागडे यंत्र घेऊनही तो टळत नाही.

गावापर्यंत पोहोचण्याचा गाजलेला प्रयोग १९९८ मध्ये वारणानगर परिसरात झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत संगणककक्ष उघडून ते सहकारी साखर कारखान्याच्या व्यवहाराशी जोडण्यात आले. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, असा हेतू होता. कालांतराने यंत्रे जुनी झाली व त्यांच्या देखभालीचा खर्च डोईजड झाला. २००६ मध्ये सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांनी तीच माहिती मिळविण्याचा प्रयोग करण्यात आला व तो यशस्वी ठरला. शेतकऱ्याला पडद्याची नव्हे, तर त्यामागील नोंदीची आवश्यकता होती, हे ह्या प्रयोगाने दाखवून दिले.

धाड हे बुलढाणा तालुक्यातील मोठे गाव बुलढाण्याच्या नैर्ऋत्येस, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत व जालना जिल्ह्याच्या सीमेनजीक आहे. अशा गावांतील शेतकऱ्याचा सातबारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात हस्तलिखित स्वरूपात असे. संगणकीकरणानंतर ती नोंद राज्याच्या सर्व्हरवर गेली आणि फेरफार ई-फेरफार प्रणालीतून होऊ लागले. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ही प्रणाली काटेकोर अर्थाने दूरस्थ पडद्याची नसली, तरी तिची भिस्त त्याच तत्त्वावर आहे : नोंद दूर, हात जवळ, मध्ये जाल. दप्तर चावडीत असताना तलाठ्याची गाठ पडणे पुरेसे असे. आता तलाठी समोर असूनही जोडणी नसल्यास पीककर्जासाठी लागणारा उतारा अडतो. उलटपक्षी, जोडणी असल्यास त्याच उताऱ्यासाठी तालुक्याची फेरी वाचते. गावाच्या दृष्टीने दूरस्थ संगणकाचा लाभ व तोटा हे असे प्रत्यक्ष एसटीचे भाडे व बुडालेला रोज ह्यांत मोजले जातात.

दोषशोधन : दोषशोधनाची पद्धत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. धाड येथील एका दुकानातील हिशेबाचा संगणक पुण्यातील जाणकाराला चालवावयाचा आहे, पण जोडणी होत नाही. अशा वेळी सर्वांत साध्या कारणापासून आरंभ करून टप्प्याटप्प्याने पुढे जाणे हितकर असते. प्रथम दुकानात वीज आहे का व संगणक झोपेच्या स्थितीत तर गेला नाही ना, हे दूरध्वनीने विचारावे. नंतर त्याच संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडते का, ते पाहावे. न उघडल्यास दोष गावाकडच्या जोडणीत, म्हणजे राउटर, तार किंवा मोबाइल मनोरा ह्यांत असण्याचा संभव असतो.

जाल चालू असूनही संबंध न आल्यास मार्ग तपासावा लागतो. त्यासाठी दोन साधने प्रसिद्ध आहेत. माइक म्यूस (१९५८–२०००) ह्यांनी १९८३ मध्ये लिहिलेले पिंग हे साधन दूरच्या यंत्राला हाक मारून प्रतिसादाचा वेळ मोजते. १९८७ मध्ये व्हॅन जेकबसन ह्यांनी तयार केलेले ट्रेसराउट हे साधन वाटेतील एकेक टप्पा दाखविते. मात्र अनेक यंत्रे सुरक्षिततेसाठी अशा हाकेला उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर न येणे हा यंत्र बंद असल्याचा निर्णायक पुरावा नव्हे.

वारंवार आढळणारा अडथळा पत्त्याचा असतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सु. ४२९ कोटीच पत्ते असू शकतात. ते अपुरे पडू लागल्याने अनेक यंत्रांनी एकच सार्वजनिक पत्ता वापरण्याची युक्ती १९९४ च्या सुमारास पुढे आली. मोबाइल कंपन्या असा एक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात. चाळीच्या पत्त्यावर पत्र पाठवावे पण खोली क्रमांक लिहू नये, तशी ह्यात गत होते. दुकानातील संगणक पुण्याकडे संदेश पाठवू शकतो. परंतु पुण्याहून आपण होऊन आलेल्या संदेशाला त्याच्यापर्यंतची वाट सापडत नाही. ह्यावर उपाय म्हणून दोन्ही संगणक बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरशी स्वतः संबंध साधतात व तो त्यांची गाठ घालून देतो. २००५ नंतर प्रचारात आलेल्या टीमव्ह्यूअरसारख्या प्रणाली ह्याच तत्त्वावर चालतात. दुसरा उपाय म्हणजे व्हीपीएन, म्हणजे दोन्ही यंत्रांना एकाच खासगी जालात आणणारा कूटबद्ध मार्ग.

मार्ग सापडल्यावरही दार बंद असू शकते. प्रत्येक सेवेसाठी संगणकावर पोर्ट नावाचे क्रमांकित दार असते : आरडीपीसाठी ३३८९, व्हीएनसीसाठी ५९००, एसएसएचसाठी २२. संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, हे दार रोखून धरत असल्यास जोडणी होत नाही. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत दुसऱ्याला आत घेणारी आरडीपी सेवाच नसते. ही गोष्ट लक्षात न आल्याने पुष्कळांचा वेळ वाया जातो. जोडणी होऊनही पासवर्ड नाकारला गेल्यास कळफलकाची मांडणी तपासावी. एकीकडे मराठी इनस्क्रिप्ट व दुसरीकडे इंग्रजी मांडणी असल्यास बरोबर कळा दाबूनही चुकीची अक्षरे उमटतात. दृश्य अडखळत असल्यास रंगांची संख्या कमी करणे व पडद्यावरील शोभेचे चित्र काढून टाकणे, हे उपाय मंद जालावर उपयोगी पडतात.

सुरक्षितता : सर्व दारे उघडी टाकून जोडणी साधणे हा उपाय अपायकारक ठरतो. मे २०१९ मध्ये विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील दूरस्थ सेवेत ब्लूकीप नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष उघडकीस आला. पासवर्ड नसतानाही परक्याला त्या यंत्राचा ताबा घेता येत असे. तो इतका धोक्याचा होता की, मायक्रोसॉफ्टने पाठिंबा थांबविलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

त्याहून व्यापक धोका माणसाच्या विश्वासातून उद्‌भवतो. बँकेतून बोलत असल्याची बतावणी करून ग्राहकाला दूरनियंत्रणाचे ॲप मोबाइलवर घ्यावयास लावणे, त्याच्याकडून जोडणीचा क्रमांक मिळविणे व खाते रिकामे करणे, असे प्रकार वाढल्याने भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले. अशा फसवणुकीत यंत्राचे कुलूप फोडले जात नाही. मालकच किल्ली देतो. म्हणून आपण स्वतः बोलावलेल्या व ओळखीच्या व्यक्तीलाच प्रवेश द्यावा, ती काम करीत असताना पडद्यासमोरून उठू नये आणि काम संपताच जोडणी तोडावी, असे नियम सांगितले जातात. जोडणीच्या क्रमांकाची मागणी करणारा दूरध्वनी अनपेक्षितपणे आल्यास तो ठेवून द्यावा.

महत्त्व : मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी झाली, तेव्हा कार्यालयातील संगणक घरून चालविणे ही लाखो नोकरदारांची गरज बनली. शहरांतून गावी परतलेल्यांच्या नोकऱ्या गावातील मोबाइल मनोऱ्यावर अवलंबून राहिल्या. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती भारतनेट ह्या नावाने चालू राहिली. तिचे मोल अशा प्रसंगी विशेष जाणवले.

स्टिबिट्झ ह्यांच्या दूरटंकमुद्रकापासून मोबाइलवरील ॲपपर्यंत दूरच्या यंत्राचा वेग अनेक पटींनी वाढला, परंतु दोषशोधनाची मूळ रीत फारशी बदललेली नाही. १९६९ मध्ये दोन अक्षरांनंतर जोडणी तुटली, तेव्हा कानाशी असलेल्या दूरध्वनीने मार्ग दाखविला. धाडच्या दुकानातील संगणक पुण्याहून दिसेनासा झाला, तर दुकानदाराला दूरध्वनी करून राउटरचा दिवा लागलेला आहे का, हेच प्रथम विचारावे लागते. म्हणून दूरस्थ सेवेची आखणी करताना यंत्रे व मार्ग ह्यांच्याबरोबरच गावात राहणारा, थोडेफार प्रशिक्षण घेतलेला आणि विश्वासाचा माणूस ह्याचाही विचार करणे आवश्यक ठरते. [⟶ इंटरनेट, संगणक].